साधा वेष

साहेब म्हणाले, उद्या साध्या वेषात ये.
मी विचारलं, म्हणजे कुठल्या?
ते हसले. तुझ्या रोजच्या, कुंदाताई.

रोजची एकच. पिवळी, काठाला कोळंबीच्या पाण्याचे डाग.
खाकी ट्रंकेत, डांबरगोळ्यांत.
बिल्ल्यावर निष्काम सेवा लिहिलंय,
मानधन गणपतीपासून अडलंय,
तरी परेडच्या आदल्या रात्री मी बूट घासतेच.

हर्णैच्या बंदरात कुणी कुणापासून लपायचं?
इथे ओल्या वाळूतल्या पावलावरून सांगतात
कुठल्या घरची, कितवा महिना.

चारला लिलावात बसले.
पाटीत दोन वाटे ढोमी, एक वाटा बांगडा,
सरकारी पैशातून घेतलेला, पावतीसकट.
भाव चढा सांगायचा असं ठरलेलं,
म्हणजे पाटी संपणार नाही, उठावं लागणार नाही.
पण तिसरीच बाई घासाघीस करायला लागली
आणि माझा मेला हात
वीस रुपये सोडून मोकळा झाला.
जन्मभर विकलं तेच खोटं खोटं विकणं
फार अवघड.

खूण अशी:
माल उतरला की डोक्यावरची चुंबळ काढायची,
झटकायची, डाव्या खांद्यावर टाकायची.
वर बर्फाच्या कारखान्याच्या कठड्याशी
लुंगीतले दोघे कुल्फी खात उभे.
एकाच्या पायात तपकिरी बूट, पॉलिश केलेले.
शेवंताने कोपर मारलं,
कोण गो ते? कुणाला धरायला आलेत?
म्हटलं, असतील पर्यटक.
दिवसभरातलं सगळ्यात स्वस्त खोटं ते.

बैलगाड्या पोटभर पाण्यात शिरल्या.
होडीतून ड्रम उतरले. वर बर्फ, बर्फावर चार तारल्या,
खाली डिझेल.
आणि ड्रमांमागून उतरला हरेश,
भालचंद्र चोगल्यांचा धाकटा.
साहेबांच्या कागदावर त्याचं नाव नव्हतं.
एक इसम, वय अंदाजे बावीस.
अंदाजे कशाला? एकवीस आणि चार महिने.
कांजिण्यांत आमच्याच पडवीत निजला होता,
कडुलिंबाचा डहाळा मीच फिरवला अंगावरून.

सरळ माझ्याकडेच आला.
मावशी, तू आज इथे? गुडघा बरा ना?
चहा आणून दिला.
पेल्याला त्याच्या बोटांचा वास, डिझेलचा.
मी प्याले. सगळा.
साखर जास्त होती.

चुंबळ काढली.
झटकली.
खरं सांगायचं तर खांद्यावर टाकायच्या आधी
एवढी थांबले
की एक लाट पाटीखालची वाळू ओढून घेऊन गेली
आणि पाटी कलली.
मग टाकली.

शाबासकीचा कागद मिळाला.
मानधन अजून यायचंय.
लिलावात बसते, आता खरंखुरं विकायला.
शेवंता दोन हात सरकून बसते.
मी पदर सावरला तरी बोलणी थांबतात,
नाक पुसलं तरी कुणीतरी मान वळवून
वर रस्त्याकडे बघतं.
गिऱ्हाईक भाव करत नाही. सांगेन तो देतं, निघून जातं.
तीच पिवळी साडी, तेच डाग.
बिल्ला तेवढा लावायचा राहिलाय.

परवा आंजर्ल्याला, माघी उत्सवात,
कडक खाकीत रांगेला उभी होते.
हरेशची आई आली. हातात दूर्वांची जुडी.
टोपीखाली काही तिने पाहिलं नाही,
गणवेशालाच विचारलं,
बाई, चपला कुठे काढायच्या?
मी बोट दाखवलं. आवाज काढला नाही.
ती वाकली, पट्टा सुटेना,
आणि तोल जाऊ नये म्हणून
माझ्या बाहीला धरून उभी राहिली,
दोन्ही चपला निघेपर्यंत.